‘सवय’ आणि ‘वळण’ : व्यक्तिमत्त्व विकासाच्या मराठी पुस्तकांची चिकित्सा (विशेष संदर्भ : वाशिम जिल्ह्यातील तरुण वाचक)

प्रस्तावना :-

गेल्या दोन-अडीच दशकांत मराठी ग्रंथव्यवहारात व्यक्तिमत्त्व विकासपर पुस्तकांनी मोठे स्थान मिळविले आहे. कथा, कादंबरी व कविता यांचा वाचक घटत असल्याची चिंता एकीकडे व्यक्त होत असताना सवयी, वेळेचे नियोजन आणि कार्यक्षमता यांविषयीची पुस्तके मात्र ग्रामीण भागातही आवडीने वाचली जातात. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर यांसारख्या गावांतील स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये सामान्यज्ञानाच्या मार्गदर्शकांशेजारी ही पुस्तके सहज आढळतात. असे असूनही मराठी समीक्षेने या प्रकाराकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. त्याला बाजारू ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्या पुस्तकावर एखादा तरुण आपल्या दिवसाची आखणी करतो, त्या पुस्तकाची चिकित्सा करणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते. ही पुस्तके वाचकाला नेमके काय देतात, त्याच्यापासून काय दडवितात आणि मराठी परंपरेतील सवयविचाराशी त्यांचे नाते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

परंपरा व पार्श्वभूमी :-

या ग्रंथप्रकाराचे मूळ पाश्चात्त्य आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात 13 सद्गुणांचा तक्ता मांडला. प्रत्येक आठवड्याला एक सद्गुण याप्रमाणे वर्षात चार आवर्तने करण्याची त्यांची योजना होती. सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ 1859 मध्ये, डेल कार्नेगी यांचे लोकसंग्रहाविषयीचे प्रसिद्ध पुस्तक 1936 मध्ये, तर स्टीफन कोवी यांचे सात सवयींचे पुस्तक 1989 मध्ये प्रकाशित झाले. भारतात शिव खेरा यांच्या 1998 मधील ‘यू कॅन विन’ने या लेखनाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. जेम्स क्लिअर यांचे ‘अॅटॉमिक हॅबिट्स’ (2018) हे या परंपरेतील अलीकडचे सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक होय. यांपैकी बहुतेक पुस्तके मराठी अनुवादातून वाशिमसारख्या जिल्ह्यातील वाचकापर्यंत पोहोचली आहेत.

हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके असून शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वाशिमचा समावेश होता. 2018 मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही त्याचे नाव आले. ज्या वाचकाला ‘तुमचे जीवन तुमच्याच हाती आहे’ असे सांगितले जाते, त्याचे जीवन आणखी कोणाकोणाच्या हाती आहे, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

या पुस्तकांची जमेची बाजू :-

या पुस्तकांचे मोल नाकारणे अन्यायाचे ठरेल. मोठा संकल्प सोडून लहान कृतीपासून आरंभ करावा, कृतीची वेळ व जागा आधीच ठरवावी, मन विचलित करणारी वस्तू नजरेआड ठेवावी, या सूचना व्यवहार्य आहेत. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक काम करीन असा नेमका संकल्प केल्यास काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आले आहे. कोवी यांनी मांडलेला ‘तातडीचे’ आणि ‘महत्त्वाचे’ यांतील भेदही उपयुक्त आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे, ज्याला अभ्यास कसा करावा हे सांगणारे कोणी नाही, त्याला असे पुस्तक वडीलधाऱ्या माणसासारखे वाटले तर त्यात नवल नाही. ही उणीव शाळा-महाविद्यालयांनी भरून काढावयास हवी होती. ती न भरल्यामुळेच या पुस्तकांना वाचक लाभला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

गणिताचा मोह :-

मर्यादा दिसू लागतात त्या पुस्तकांनी दिलेल्या आश्वासनांत. दररोज एक टक्का सुधारणा केल्यास वर्षाअखेरीस माणूस सुमारे 37 पट पुढे जातो, हे क्लिअर यांच्या पुस्तकातील गणित सर्वतोमुखी झाले आहे. चक्रवाढीचा हिशेब म्हणून ते बिनचूक आहे. मात्र आज मिळविलेले सर्व उद्या शिल्लक राहील, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पाठ केलेले विसरते, आजारपण येते, घरचे काम निघते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही. वेळेवर पेरणी, वेळेवर डवरणी, वेळेवर फवारणी करूनही काढणीच्या दिवसांत पाऊस लागून राहिला की सोयाबीन शेतातच खराब होते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या सांगत आला आहे. पण तळे साचण्यासाठी पाळ शाबूत असावी लागते, हेही त्याला ठाऊक असते. पुस्तक थेंबांचा हिशेब मांडते आणि पाळीचा विषय टाळते.

‘21 दिवसांत सवय’ या समजुतीचीही अशीच गत आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यविशारदाने 1960 मधील आपल्या पुस्तकात, रुग्णांना बदललेल्या रूपाशी जुळवून घेण्यास किमान 21 दिवस लागतात असे निरीक्षण नोंदविले होते. पुढे त्यातील ‘किमान’ गळून पडले आणि निरीक्षणाचा नियम झाला. फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे 96 व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस, तर व्यक्तीगणिक 18 ते 254 दिवस लागू शकतात असे दिसून आले. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीला विशेष बाधा येत नाही, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. जून महिन्यात पेरणीसाठी गावी गेलेला आणि परतल्यावर ‘आपल्यात सातत्यच नाही’ म्हणून खचणारा विद्यार्थी विचारात घेतला, म्हणजे चुकीच्या आकड्याचे ओझे किती पडते हे कळून येते.

यश, अपयश आणि दोषारोप :-

या पुस्तकांतील सर्वांत गंभीर दोष नैतिक स्वरूपाचा आहे. यशाचे सारे श्रेय सवयींना दिले की अपयशाचा सारा दोषही सवयींच्या, म्हणजेच व्यक्तीच्या माथी येतो. समजा, एखाद्या परीक्षेत 100 जागा आहेत आणि 10,000 उमेदवार आहेत. सर्वांनीच उत्तम सवयी लावून घेतल्या तरी निवड 100 जणांचीच होणार. उरलेल्या 9,900 जणांच्या सवयी वाईट होत्या असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ही पुस्तके केवळ यशस्वी माणसांचे दाखले देतात. त्याच सवयी पाळून मागे राहिलेल्यांची कथा त्यांत येत नाही. परिणामी जागांची संख्या, लांबलेल्या जाहिराती, घरची आर्थिक स्थिती हे प्रश्न वाचकाच्या नजरेआड होतात आणि तो केवळ स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

पहाटे लवकर उठण्याच्या महतीबाबतही हेच म्हणता येईल. रॉबिन शर्मा यांच्या 2018 मधील पुस्तकाने पहाटे पाचची वेळ यशाची खूण ठरविली. जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात शेतमजूर स्त्री याच सुमारास उठलेली असते. पाणी, चूल, डबा आटोपून ती निंदणाला जाते आणि सायंकाळी परत चुलीपुढे बसते. शिस्त, सातत्य व वेळेचे नियोजन या तिन्ही कसोट्यांवर ती उतरते. तरीही कोणत्याही पुस्तकात तिची गणना यशस्वी व्यक्तींमध्ये होत नाही. पहाटेची वेळ तीच असली तरी तो वेळ स्वतःसाठी वापरण्याची मुभा सर्वांना सारखी नसते, ही साधी बाब येथे विसरली जाते.

मराठी परंपरेतील ‘वळण’ व ‘नेम’ :-

अनुवादित पुस्तकांत सर्वत्र ‘सवय’ हा एकच शब्द वापरला जातो. मराठीने मात्र या अनुभवासाठी अनेक शब्द घडविले आहेत. ‘खोड’ ही जडते, ‘नेम’ हा धरला जातो, ‘रीत’ ही पाळली जाते आणि ‘वळण’ हे लावले जाते. ‘वळण’ या शब्दात लावणारा कोणीतरी दुसरा गृहीत आहे. घर, शाळा, शेजार यांचा हात त्यात असतो. ‘नेम’ या शब्दात व्यक्तीचा निश्चय असला तरी त्याला काळवेळेची चौकट असते. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या कारंजा येथे होणारी गुरुचरित्राची सप्ताह-पारायणे हे याचे जवळचे उदाहरण होय. वेळ ठरलेली, आसन ठरलेले, सोबतीला इतर वाचक आणि सात दिवसांनी समाप्ती. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी सवय टिकण्यास लागणारी सर्व साधने तेथे आढळतात. शिवाय व्रताला उद्यापन असते. आधुनिक पुस्तकातील आत्मसुधारणेला मात्र शेवटच नाही.

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त मूर्खलक्षणांपासून लेखनक्रियेपर्यंत आचरणाचे बारकाईने निरूपण आढळते आणि यत्नाला विवेकाची जोड दिलेली दिसते. विदर्भाच्या दृष्टीने अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. तिच्या 41 अध्यायांत ‘आचार-प्राबल्य’, ‘संसर्ग-प्रभाव’, ‘श्रम-संपत्ती’, ‘जीवन-शिक्षण’ असे विषय येतात. आचाराबरोबर संसर्गाचा, म्हणजे भोवतालच्या संगतीचा विचार त्यात आहे. येथे सुधारणेचा घटक एकटी व्यक्ती नसून गाव आहे. अर्थात, परंपरेचे सरसकट गुणगान करण्याचेही कारण नाही. वळण लावण्याच्या नावाखाली मुलींवर व दुर्बळांवर बंधने लादली गेली, हा इतिहास विसरता येत नाही. व्यक्तीला स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचे बळ देणे हे आधुनिक पुस्तकांचे श्रेय त्यामुळे मान्य करावेच लागते.

समारोप :-

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके साधन म्हणून उपयुक्त, परंतु जीवनदृष्टी म्हणून अपुरी आहेत. त्यांतील लहान युक्त्या घ्याव्यात, मोठी आश्वासने पारखून घ्यावीत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ही पुस्तके नाकारू नयेत, मात्र ती एकत्र वाचून त्यांवर चर्चा घडवून आणावी. सकाळी ठरलेल्या वेळी उघडणारी अभ्यासिका, खंडित न होणारी वीज आणि अडचण विचारता येईल असा शिक्षक या गोष्टी विद्यार्थ्याच्या सवयीला जेवढा आधार देतील, तेवढा कोणतेही पुस्तक एकट्याने देऊ शकणार नाही. परीक्षेत मागे पडलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या चुका जरूर दाखवाव्यात, परंतु सर्वच चुका त्याच्या नव्हत्या हेही सांगावे. सवय ही व्यक्तीची असली तरी तिला वळण देण्याची जबाबदारी समाजाची आहे, हे भान मराठी भाषेने आपल्या शब्दांतच जपून ठेवले आहे.