पात्यावरचा बिनवजनाचा रंग

प्रोपेलरचा रंग दोनदा पाहायचा असतो. एकदा पातं थांबलेलं असताना आणि एकदा ते फिरून दिसेनासं झाल्यावर. पहिल्या नजरेत वाहवा मिळवणारे पुष्कळ रंग दुसऱ्या नजरेत टिकत नाहीत. दुकानातल्या काचेखाली जांभळी, पोपटी, डाळिंबी पाती मांडलेली असतात तेव्हा हे ध्यानात येत नाही, कारण तिथे पाती फिरत नसतात.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या काळ्या रानात, पैनगंगेच्या अलीकडे, कपाशीवर फवारणी करणारा ड्रोन पाहिला तर त्याची पाती बहुधा कार्बन फायबरची, म्हणून काळी. ढगाळ आभाळाखाली ती फिरू लागली की यंत्राच्या चार कोपऱ्यांवर चार धुरकट वर्तुळं राहतात. यामागचा नियम जुना, 1834-35च्या सुमारास टॅलबॉट आणि प्लाटो यांनी मांडलेला: लुकलुक एका मर्यादेपलीकडे वेगवान झाली की डोळा तिची सरासरी घेतो. पात्यांनी वर्तुळाचा थोडाच भाग व्यापलेला असतो, उरलेलं आभाळ. तेव्हा लाल पातं म्हणजे बरंचसं आभाळ आणि त्यात चिमूटभर लाल. मात्र टोकाशी बोटभर पिवळा पट्टा असेल तर त्याचं कडं होतं, आणि फिरणारी धार कुठे संपते ते लांबून कळतं. विमानांच्या प्रोपेलरच्या टोकांना पिवळा रंग देतात तो त्यासाठीच. 2023च्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचतगटांना असे ड्रोन द्यायचं ठरलं. बांधावर पोरंटोरं, गुरं, डबा घेऊन आलेली माणसं असतात. तिथे हे कडं दिसायलाच हवं.

हौशी मंडळी एक पातं निळं आणि एक पिवळं करतात. कल्पना झकास, पण फिरल्यावर त्यातून हिरवा निघत नाही. मॅक्सवेलने 1850च्या दशकात रंगीत चकत्या फिरवून हे दाखवलं होतं. कुंचल्यावर मिसळलेले रंग आणि डोळ्यात मिसळलेले रंग वेगळे वागतात. निळ्या-पिवळ्याचा इथे मळकट करडा होतो. दोन सुंदर रंग खर्चून राख मिळवायची, हे मला पटत नाही.

पण खरी कसोटी वजनाची. शर्यतीच्या ड्रोनवरचा पाच इंची, तीन पात्यांचा प्रोपेलर जेमतेम चार-पाच ग्रॅमचा असतो. मिनिटाला 30,000 फेरे घेताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 200 मीटर होतो. हिशेब मांडून पाहा. अशा वेळी एका पात्याच्या टोकावर एक मिलिग्रॅम रंग जास्त बसला असेल तर तो सुमारे 64 ग्रॅम वजनाच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला 500 वेळा गोल फिरते. आधी मोटारीच्या बेअरिंगला, मग दांड्याला, मग जायरोला ती जाणवते. कॅमेऱ्यातलं चित्र जेलीसारखं थरथरतं. स्प्रेचा एक सरळसाधा थर सुकल्यावर पंचवीस मायक्रॉनचा धरला, तर दोन्ही बाजू मिळून सगळ्या प्रोपेलरवर शंभरेक मिलिग्रॅम रंग चढतो. त्यातला शंभरावा हिस्सा इकडचा तिकडे झाला की तो एक मिलिग्रॅम तयार! नीट हात बसलेला रंगारीसुद्धा एवढा काटेकोर नसतो. मग चुंबकी बॅलन्सरवर प्रोपेलर तोलायचा आणि जड पात्याची खालची बाजू पॉलिश पेपरने हलकेच घासायची.

तोच एक मिलिग्रॅम मध्यापासून पाच मिलिमीटरवर, बुंध्याशी लागला तर ओढ पाच ग्रॅमवर येते. म्हणून ज्याला रंगवल्याशिवाय चैनच पडत नाही त्याने बुंधा रंगवावा. पात्याच्या पुढच्या धारेला मात्र हात लावू नये. हवा तिथेच दुभंगते. तिथला ओघळ किंवा मास्किंग टेपमागे राहिलेली बारीक कड पुढचा सगळा प्रवाह बिघडवू शकते. शिवाय स्प्रेमधलं थिनर पात्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला बाधतं. ताणाखालच्या प्लास्टिकला केसासारख्या चिरा जातात, रंग चकाकत राहतो आणि पातं हवेत तुटतं.

आदिलाबादकडच्या निर्मलच्या लाकडी खेळण्यांचं कौतुक इथे आठवतं. पोनिकीचं हलकं लाकूड, चिंचोक्याच्या खळीचा लेप, वर रंगांचे थर. देखणं काम. पण ती खेळणी कपाटात बसून राहतात. त्यांना थर परवडतो.

उडणाऱ्या वस्तूला रंग मुरवून घ्यावा लागतो. नायलॉनचं पातं लोकर-रेशमाच्या ॲसिड डायने रंगतं. पॉलिकार्बोनेट हट्टी, त्याला पॉलिस्टर साड्यांसाठी वापरतात तो डिस्पर्स डाय आणि जवळजवळ उकळतं पाणी लागतं. रंगाचे रेणू प्लास्टिकच्या कातडीत शिरतात. वर थर नाही, कड नाही, ओघळ नाही. पांढऱ्या किंवा पारदर्शक पात्यालाच हे शोभतं. काळ्याचं काही होत नाही. त्याहून बरा कारखान्यातला रंग, साच्यात जाण्याआधीच दाण्यांत कालवलेला. या दोहोंतला फरक ओळखायचा असेल तर पारदर्शक पातं उन्हात धरावं. डायमध्ये बुडवलेलं पातं बुंध्यापासून टोकापर्यंत जवळपास एकसारखं दिसतं, कारण रंग पृष्ठभागापुरताच असतो. साच्यातून रंग घेऊन आलेलं पातं बुंध्याशी, जिथे जाडी जास्त, तिथे गडद असतं आणि मागच्या निमुळत्या कडेकडे फिकं होत जातं. कुणी छटा काढलेली नसते. हवेसाठी ठरवलेली जाडीच तिथे छटा होऊन उतरलेली असते. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत सुंदर वाटतं ते हे.

याच्याही पुढचा रंग आदिलाबादच्या विजेच्या तारांवर बसलेला असतो. नीलपंख, म्हणजे तेलंगणाचा राज्यपक्षी पालपिट्ट. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. बसलेला असताना तो तपकिरी, सामान्य. किड्यावर झेप घेतो तेव्हा पंख उघडतात आणि गडद-फिक्या निळ्याचे पट्टे दिसतात. त्या पिसांत निळं रंगद्रव्य नाही. पिसाच्या तंतूंतल्या केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या मांडणीतून निळा प्रकाश परततो, बाकीचा मागचं काळं मेलॅनिन गिळतं. सी. व्ही. रामन यांनी 1934 साली पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर लिहिलं, त्यात हा पक्षी होता. निळाईसाठी पंखाला वेगळं वजन वाहावं लागत नाही. निळा निम्मा पोकळीचाच बनलेला.

मोरपिसाचा निळाही रचनेतूनच येतो, पण तो कोन बदलला की बदलतो. दिवाळीच्या दिवसांत राज गोंडांच्या दंडारी उत्सवात गुसाडी नर्तक मान हलवतो तेव्हा डोक्यावरचा मोरपिसांचा मुकुट क्षणोक्षणी वेगळा दिसतो तो म्हणून. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लावाईच्या कनक राजू यांना या नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. नाचाला ही चंचलता हवीच. प्रोपेलरला मात्र नीलपंखाचा स्थिर निळा मानवेल, जो कुठूनही पाहिला तरी निळाच.

रंगाने उड्डाण सुधारत नाही, पण तो उडणाऱ्या दुसऱ्या कुणाचा जीव वाचवू शकतो. नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांच्या तीनपैकी एकेक पातं काळं केलं. 2020 साली आलेल्या अभ्यासात तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एकसारखी पाती फिरताना पुसट होतात. एक वेगळं असलं की पुसटपणा मोडतो.

मला विचाराल तर शर्यतीच्या ड्रोनला पुढची जोडी नारिंगी, मागची धुरकट, दोन्ही साच्यातूनच रंग घेऊन आलेल्या. यंत्राचं तोंड कुठे आहे ते लांबूनही कळतं आणि तोलाला धक्का लागत नाही. फवारणीच्या ड्रोनची काळी पाती मात्र काळीच राहू द्यावीत. टोकाचा पट्टा हवा असेल तर तो कंपनीने लावून दिलेलाच घ्यावा, आणि उरलेली हौस दांड्यांवर भागवावी. दांडे फिरत नाहीत, त्यांना हवे तेवढे थर द्या.