नमुना, माप आणि निर्णय : मोहाडी तालुक्यातील धानाच्या उताऱ्यावरून एक चिकित्सा

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अध्यापनात मध्यमानाला जे अग्रस्थान दिले जाते, ते चिकित्सेस पात्र आहे. विद्यार्थ्यापुढे आकड्यांचा तयार तक्ता ठेवावयाचा, त्याची सरासरी काढावयाची, नंतर प्रमाण विचलनाकडे वळावयाचे, असा हा क्रम. ते आकडे कोणी, कशाने आणि कोठून मोजून आणले, हा प्रश्न बहुधा शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबणीवर पडतो. वस्तुतः आकड्याचे भवितव्य गणिताला हात लागण्यापूर्वीच ठरलेले असते. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात धानाचा हेक्टरी उतारा कसा ठरतो, एवढा एकच प्रश्न घेतला तरी याची प्रचीती येते. या उताऱ्यावर पीकविम्याची भरपाई व गावाची पैसेवारी अवलंबून असल्यामुळे प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकी उरत नाही.

प्रथम समष्टीचा विचार करावा. ‘मोहाडीचा धान’ हा शब्दप्रयोग सोपा वाटतो. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील या तालुक्यात काही बांध्यांना बावनथडी प्रकल्पाचे पाणी मिळते, काही माजी मालगुजारी तलावांवर अवलंबून आहेत, तर काहींना पावसावाचून आधार नाही. एकाच वर्षी या तिन्हींचे उतारे अगदी भिन्न येऊ शकतात. म्हणून समष्टीचे प्रथम स्तर पाडून प्रत्येक स्तरातून स्वतंत्र नमुना घेणे इष्ट ठरते. दुसरा प्रश्न घटकाचा. घटक शेतकरी मानावा की जमीन? शेतकऱ्यांच्या यादीतून समान संभाव्यतेने नावे काढली आणि त्यांच्या उताऱ्यांची साधी सरासरी घेतली, तर अर्ध्या एकराचा धनी आणि दहा एकरांचा धनी यांचे वजन सारखेच होते. जी सरासरी येते ती शेतकऱ्यांची असते, हेक्टरची नसते. दोन्ही सरासऱ्या उपयुक्त आहेत, पण एकीच्या जागी दुसरी वापरणे हा दोष होय.

यानंतर मापनाचा विचार येतो. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार श्रेणी मांडल्या : नामिक, क्रमिक, अंतरमापी आणि गुणोत्तरमापी. धानाच्या वाणाचे नाव नामिक श्रेणीत पडते. रोवणीची तारीख अंतरमापी, तर दाण्याचे किलोग्रॅममधील वजन गुणोत्तरमापी. क्रमिक श्रेणीस मोहाडीकडील उत्तम उदाहरण ‘हलका, मध्यम, भारी’ धानाचे. हे शब्द दाण्याच्या वजनाचे नसून पीक तयार होण्यास लागणाऱ्या मुदतीचे आहेत. त्यांत क्रम आहे. तथापि हलक्यापासून मध्यमाचे अंतर आणि मध्यमापासून भारीचे अंतर समान आहे, असे त्यांवरून म्हणता येत नाही. त्यांना १, २, ३ असे अंक देऊन सरासरी काढणाऱ्या अभ्यासकाने शब्दांना दिलेल्या खुणांनाच परिमाण मानलेले असते.

जुन्या आणेवारीतील मूळ दोष नेमका हाच होता. उभे पीक पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आहे, हे अनुभवी नजर सांगे. ही नजर तुच्छ लेखण्याजोगी नव्हती. दोन शिवारांपैकी कोणते सरस, हे ती बहुधा अचूक सांगू शकत असे. परंतु तो निवाडा क्रमिक होता आणि त्यावर गुणाकार-भागाकार मात्र गुणोत्तरमापी श्रेणीचे केले जात. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. आज पैसेवारी नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर होते आणि अंतिम टप्प्यास पीककापणीचा आधार असतो. मापनाच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय आहे.

तथापि वजन अचूक झाले म्हणून निवड निर्दोष ठरत नाही. कापणीसाठी ‘प्रातिनिधिक’ बांधी समितीने आपल्या समजुतीने निवडली, तर तिच्यातून आलेला आकडा त्या समजुतीचाच आकडा असतो. ही अडचण भारतात फार पूर्वी ओळखली गेली. जे. ए. हबॅक यांनी १९२० नंतरच्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या उताऱ्यासाठी यादृच्छिक निवडीचा अवलंब केला. त्यांचा वृत्तांत १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४० नंतर वि. गो. पानसे व त्यांचे सहकारी यांनी वऱ्हाडातील कापसावर याच दिशेने काम केले. भंडारा जिल्हा त्या वेळी वऱ्हाडासह एकाच मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांतात होता. यादृच्छिक पद्धतीत शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी व रुंदीच्या दिशांनी किती पावले जावयाचे, हे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरते. बिंदू जेथे पडेल तेथेच कापणी करावयाची. तेथे पीक विरळ आहे म्हणून चौकोन दोन हात सरकवणारा कर्मचारी एका क्षणात संपूर्ण पद्धती रद्द करतो.

तुकड्याचा आकार हाही गौण विषय नाही. प्र. चं. महालनोबीस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते, पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखविले की फार लहान तुकडे उतारा फुगवून सांगतात. सीमारेषेवरील रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट सीमा येते. ३३ फूट × १६.५ फूट या १/८० एकराच्या आयतात ती अवघी ०.१८ फूट असते. अशा अभिनतीचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे : तुकड्यांची संख्या शंभरपट केली तरी ती कमी होत नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूस चुकत असतो.

यादृच्छिक त्रुटी मात्र संख्येने घटते, पण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळास किमान १० आणि ग्रामपंचायतीस किमान ४ कापणी प्रयोग सांगितले आहेत. उदाहरणार्थ, एका मंडळातील बांध्यांच्या उताऱ्यांचे प्रमाण विचलन हेक्टरी ८०० किलो आहे असे समजू. तर १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे २५३ किलो आणि ४ प्रयोगांची ४०० किलो येते. ती निम्मी करावयाची तर प्रयोग चौपट हवेत. दहा प्रयोगांवरून सांगितलेला २,४०० किलोचा उतारा प्रत्यक्षात १,९०० किंवा २,९०० असू शकतो, हे त्या आकड्यासोबत छापले जात नाही.

आता ५० पैशांच्या सीमारेषेकडे पाहावे. प्रमाण उतारा हेक्टरी ३,००० किलो धरला, तर ४८ पैसे आणि ५२ पैसे यांतील फरक हेक्टरी १२० किलोचा होतो. कापणीचा तुकडा ५ मीटर × ५ मीटरचा, म्हणजे हेक्टरचा ४०० वा भाग, मानल्यास हा फरक तुकड्यावर अवघा ३०० ग्रॅम भरतो. अशा तुकड्यातून ३.७५ किलो धान निघाले आणि त्यात २२ टक्के ओलावा असेल, तर १४ टक्क्यांपर्यंत सुकल्यावर ते सुमारे ३.४ किलो राहते. केवळ सुकवणीची घट ३५० ग्रॅमची, म्हणजे सीमारेषेच्या दोन बाजूंमधील अंतराहूनही अधिक! सुकवणीचा हिशेब न करता ओला धान तोलला गेला, तर गावाचे नुकसान कागदावर दिसेनासे होते. आणि सर्वच तुकडे ओले तोलले गेले असतील, तर प्रयोगांची संख्या वाढवूनही ते दिसू लागणार नाही.

पैसेवारीच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. ती गावागणिक निघते. मंडळातील दहा प्रयोगांच्या सरासरीत एखाद्या कोरड्या गावाची हानी ओलिताखालील शेजाऱ्यांच्या उताऱ्यात बुडून जाते. एकीकडे निवडीतील अभिनती, दुसरीकडे क्षेत्राचा ठोकळेपणा, असा हा पेच आहे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्य, वनस्पतींची स्थिती, मृदेतील ओलावा इत्यादी निर्देशकांना महत्त्व दिले. तरी निर्देशकांची पडताळणी अखेर शेतातच करावी लागते, आणि शेतात पुन्हा निवड व माप हेच दोन प्रश्न उभे राहतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला अध्यापनाविषयी : समष्टी, घटक, मापनश्रेणी व निवड यांची स्पष्टता झाल्याखेरीज विद्यार्थ्याच्या हाती सरासरी देऊ नये. दुसरा व्यवहाराविषयी : उताऱ्याचा कोणताही आकडा प्रसिद्ध करताना त्याजवळ प्रयोगांची संख्या, निवडीची पद्धती, तोलतेवेळचा ओलावा आणि प्रमाण त्रुटी या चार नोंदी असाव्यात. त्यांसाठी कोणतेही नवे गणित लागत नाही. मोहाडीच्या शेतकऱ्याला ४८ की ५२ हे सांगणाऱ्या शास्त्राने, त्या दोहोंतील फरक आपल्याला खरोखर मोजता येतो काय, हेही त्याला सांगणे प्राप्त आहे.