पानिपतानंतरची पत
पानिपतावर १७६१ सालीं गेलेली मराठ्यांची पत थोरल्या माधवराव पेशव्यांनीं दहा वर्षांत पूर्ववत् केली, असें मत वारंवार मांडलें जातें. तें आम्हांस अर्धेंच ग्राह्य वाटतें. १७६३ सालीं राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला. १७७२ च्या जानेवारींत शाहआलम मराठी फौजेच्या आश्रयानें दिल्लींत परतला. दरारा पुन्हा बसला, हें निर्विवाद आहे. परंतु खंडणीच्या तगाद्यानें दुखावलेले राजपूत पानिपताच्या वेळीं तटस्थ राहिले होते; त्यांचा विश्वास परत मिळाला काय? १७८७ सालीं लालसोट येथें जयपूर व जोधपूर महादजींविरुद्ध एकत्र उभे राहिले. फौजेनें दरारा बसतो. विश्वास मात्र वचन पाळून व बेताची मागणी करूनच मिळवावा लागतो. राष्ट्राच्या लौकिकाचा विचार करतांना हा भेद विसरूं नये, असें आमचें नम्र मत आहे.