हात चालला, तोंड चालले नाही

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला की आपल्याकडील साहित्यिक मंडळी नाक मुरडतात. पोराटोरांचा वेळकाढू उद्योग, असा त्यांचा निकाल असतो. दलित लेखक लिहू लागले तेव्हाही, हे साहित्य आहे काय, असा प्रश्न याच सुरात विचारण्यात आला होता. त्यामुळे असा झटपट निकाल कानी आला की मी सावध होतो. निकाल देणाऱ्याने ती वस्तू पाहिली आहे काय, एवढे तरी विचारले पाहिजे.

मी येथे बोलतो आहे ते बड्या कंपन्यांच्या बाहेर, चारदोन माणसांनी किंवा एकट्यादुकट्याने रचलेल्या छोट्या कथाप्रधान खेळांविषयी. त्यांना इंडी गेम म्हणतात. जेसन रोहरर यांचा ‘पॅसेज’ (२००७) हा खेळ पाच मिनिटांत एका माणसाचे सारे आयुष्य संपवतो. सोबतीण घेतली तर अरुंद वाटांत शिरता येत नाही. एवढ्या एका नियमातून तो संसाराची गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला.

या खेळांची ओढ का वाटते? लोकांना वेळ कमी आहे, हे उत्तर अपुरे आहे. वेळ कमी असणाऱ्याला दोन ओळींचा विनोदही पुरतो. माझ्या मते कारण वेगळे आहे. कथेत दुसऱ्याने केलेले कृत्य आपण वाचतो. येथे ते कृत्य आपल्या हातून घडते. आणि खेळ छोटा असल्यामुळे ते कृत्य सवयीचे होऊन बोथट होण्यापूर्वीच संपते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेला ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा जायंट स्पॅरो या अमेरिकन संस्थेचा खेळ सुमारे दोन तासांचा आहे. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट खेळाचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. एका कुटुंबातील एकामागून एक मृत्यूंची ही कथा. त्यात लुईस नावाचा तरुण आहे. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो कामाला आहे. खेळणाऱ्याने एका हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडके उडवायचे, मासा पुढे ढकलायचा. पुन्हा दुसरा मासा. दुसऱ्या हाताने लुईसच्या मनातील राजपुत्राला चालवायचे. हळूहळू ते कल्पनेतले राज्य सारा पडदा व्यापते. कारखाना दिसेनासा होतो. तरी मासे कापणारा हात थांबत नाही! अखेर राज्याभिषेकासाठी लुईस मान लववतो आणि वर पाते असते.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत सूतकताई खात्यात होते. झोपेतही त्यांची बोटे तुटलेला धागा जोडीत असत. श्रमावरच्या कित्येक कथांत मला न सापडलेली ती बोटे या खेळात माझ्याच हाताला सापडली, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

पण टीकाकाराने एवढ्यावर थांबू नये. लुईसची ही गोष्ट सांगतो कोण? लुईस नव्हे. त्याच्या आईला पत्र लिहिणारी त्याची मानसोपचारतज्ज्ञ ती सांगते. पत्रात करुणा आहे, समज आहे. परंतु हात कामगाराचा आणि तोंड मात्र दुसऱ्याचे, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातील बॉबिन बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे. तेथे विटाळ आडवा येई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला तो उगाच नव्हे. गिरणीला आमचा हात चालला; तोंड चालले नाही.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) हा खेळ थोडा लांबीचा आहे, परंतु तो आपल्याला खिडकीच्या पलीकडे बसवतो म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे. १९८२ सालातील एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवर आपण कागद तपासणारे कारकून असतो. जितकी माणसे तपासाल तितका पगार. त्यातून घरभाडे, अन्न, उष्णता. नवऱ्याचे कागद बरोबर, मागून आलेल्या बायकोचे अपुरे. शिक्का आपल्या हातात. दाखल्यासाठी खिडकीच्या अलीकडे ताटकळलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसणे अस्वस्थ करते. क्रौर्य पोटाच्या हिशेबातून कसे उपजते, हे हा खेळ नेमके दाखवतो. पण त्याचे स्पष्टीकरण तेथेच संपते. जातीची खिडकी पोट भरलेला माणूसही बंद ठेवतो!

उद्या कोणी गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारावर खेळ रचील. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही माणसे मेली आहेत; विषय तयार आहे. खेळणारा गटारात उतरेल, गुदमरेल, हळहळेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. मेलेल्याला ती सोय नाही. त्या हळहळीला मी खोटी म्हणत नाही. मात्र त्या कामगाराच्या घरातले कोणी तो खेळ रचणार नसेल, तर आमच्या वाट्याला पुन्हा सहानुभूतीच येईल.

साधने नाहीत, ही सबब आता पुरत नाही. ‘ट्वाइन’ नावाचे साधन २००९ पासून फुकट उपलब्ध आहे; संगणकाची भाषा न शिकताही त्यात गोष्टीचा खेळ रचता येतो. अनियतकालिके काढणाऱ्यांनी पदरमोड करून चार पाने छापली, तेव्हा त्यांच्याजवळ याहून कमी होते. आमच्या वस्त्यांतील मुले-मुली हे खेळ खेळत आहेत. त्यांनी आता ते रचावेत आणि निवेदनाचा आवाज दुसऱ्या कोणाच्या हवाली करू नये.