'टायटस' चित्रपट आणि कालविपर्यासाचा आक्षेप

शेक्सपियर कवीचें 'टायटस अँड्रॉनिकस' हें सूडनाटक १५९४ सालीं प्रथम छापलें गेलें. त्यावरून जूली टेमर या दिग्दर्शिकेनें १९९९ सालीं 'टायटस' हा चित्रपट निर्माण केला. त्यांत रोमन चिलखतांशेजारीं मोटरसायकली दिसतात; सिंहासनाचे उमेदवार मोटारींतून मतें मागत फिरतात; आणि मुसोलिनीच्या राजवटींत रोम येथें उभारलेली कमानींची चौकोनी इमारत राजसत्तेचें स्थान म्हणून पुढें येते. इतिहासाच्या अभ्यासकास हा कालविपर्यास खटकणें साहजिक आहे. मलाही तो खटकला. परंतु विचारान्तीं तो आक्षेप टिकत नाहीं, असें माझें मत झालें आहे.

पहिलें कारण असें कीं, मूळ कथानकच इतिहासबाह्य आहे. असा कोणी सेनापति रोमच्या इतिहासांत आढळत नाहीं. लोकसत्ताकास शोभणारी मतयाचना, सम्राटाची गादी आणि उत्तरकालीन गॉथ यांस कवीनेंच एकत्र आणिलें. क्रौर्याचे प्रसंग ओव्हिडच्या फिलोमेलेवरून व सेनेकाच्या थायेस्टीझवरून घेतले. दुसरें कारण अधिक बळकट आहे. या नाटकाचें म्हणून मानलें जाणारें, हेन्री पीचम याच्या नांवाचें एक जुनें रेखाचित्र लाँगलीट येथील संग्रहांत आहे. त्यांत टायटस रोमन वेषांत, तर त्याचे शिपाई एलिझाबेथकालीन वेषांत उभे आहेत. सरमिसळीची ही रीत टेमरबाईंची नव्हे, जुन्या रंगभूमीचीच होय, असें हें साधन सांगतें.

आतां रसाचा विचार. रंगभूमीवर वध दाखवूं नये, हा आपल्या नाट्यशास्त्राचा संकेत. 'वेणीसंहारां'त दुःशासनाचें रक्तप्राशन पडद्याआडच घडतें. प्रेक्षकांपुढें येतो तो रक्तानें माखलेला भीम. शेक्सपियर मात्र टायटसचा हात सर्वांदेखत तोडवितो. अशा नाटकांत बीभत्साचा अतिरेक होऊन प्रेक्षक हंसूं लागण्याचें भय असतें. तें या चित्रपटांत एका स्थळीं उत्कृष्ट रीतीनें टळलें आहे. हात तोडलेल्या लाव्हिनियेला तिचा चुलता मार्कस छाटलेल्या वृक्षाची उपमा देतो. चित्रपटांत तिच्या मनगटांस खरोखरच वाळक्या काटक्या खोंवलेल्या दिसतात. उपमान डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि बीभत्साचा करुण होतो.

दोष आहे तो शेवटांत. आरनच्या तान्ह्या मुलास जगविण्याचें वचन नाटकांत ल्यूशियस देतो. पुढें त्या मुलाचें काय झालें, हें कवि सांगत नाहीं. चित्रपटांत ल्यूशियसचा लहान मुलगा त्या अर्भकास उचलून रिंगणाबाहेर, उगवत्या सूर्याकडे चालूं लागतो. आरंभीं हाच मुलगा स्वयंपाकघरांत खेळण्यांतील शिपायांची कत्तल करीत होता, म्हणून योजना सुसंगत आहे. तरी सूडास अंत नाहीं हें जें नाटक इतक्या कठोरपणें सांगतें, त्यास ही पहांट फार स्वस्त पडते. जन्मभर मुलें शिकविलेल्या माझ्यासारख्यास ती खरी वाटावी, अशी इच्छा मात्र होते; आणि इच्छेस प्रमाण मानूं नये, हा तर आपल्या संशोधनाचा पहिला नियम.