कारागीर, वापरकर्ता आणि मालक

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे प्रदर्शनात आणली. तिच्या उगमाचा उल्लेख तेव्हा केला नाही. त्यानंतर मराठीत जे संतापाचे लेखन झाले ते मी साहित्य म्हणूनच वाचले. त्यात मला सर्वाधिक खटकला तो एक साधा शब्द : कारागीर.

वरकरणी हा शब्द गौरवाचा आहे. पण तो कोणाला झाकतो? कातडे कमावणारा ढोर, रापी चालवणारा चांभार आणि घरात बसून पट्ट्यांची वेणी घालणारी त्याची बायको यांना गावाने आजवर जातीनेच हाक मारली. चप्पल मिलानला गेल्याबरोबर ती 'महाराष्ट्राचा वारसा' झाली आणि चांभाराचा कारागीर झाला. वारसा सर्वांचा, कातड्याचा वास मात्र त्याच्या एकट्याचा! आपल्या पांढरपेशा लेखकांना यातला विनोद जाणवलेला दिसत नाही.

त्या मानाने कायद्याची भाषा अधिक प्रामाणिक आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशन मिळाले. जिल्हे महाराष्ट्राचे ४, कर्नाटकाचे ४. नोंदणीकृत मालक कोण? दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात ज्यांचे हात काळवंडले, त्यांच्यासाठी १९९९ च्या कायद्यात जी जागा आहे तिचे नाव 'अधिकृत वापरकर्ता'. स्वतःच्याच निर्मितीचा वापरकर्ता! तीही नोंद अर्ज करून मिळवायची. प्राडाविरुद्ध वकिलांनी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तीही याच मुद्द्यावर : दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये या मालकांचा आणि कंपनीचा करार झाला. २,००० जोड इथे तयार व्हायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. हा विजय म्हणून छापला गेला. मी त्याला तुच्छ लेखत नाही. चांगली मजुरी कोणाला नको आहे? परंतु 'कारागीर' हा शब्द नेमका इथेच व्यापाराच्या उपयोगी पडतो. कारागिराला मजुरी दिली की हिशेब मिटतो. तोच उत्पादक म्हटला गेला तर नफ्यात वाटा मागेल, भाव ठरवायला समोर बसेल.

शिवाय प्राडा तर काल आली. बाटाचा कारखाना १९३० नंतरच्या दशकात बंगालमध्ये उभा राहिला. मागून रबर आणि प्लास्टिकच्या चपला आल्या, खेड्यातले गिऱ्हाईक गेले. कोल्हापुरीच्या नावाने रेक्झिनची चप्पल राजरोस विकली जाते, तीही आपल्याच बाजारात. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि बैलाच्या कातड्याचा पुरवठा आटला. त्या कातड्यावर जगणाऱ्यांनी पुढे काय करावे, याविषयी मिलानवर संतापलेल्या त्या लेखनात मला एक ओळही वाचायला मिळाली नाही.