खापराची साक्ष

संग्रहालय पाहणे आणि जत्रा पाहणे यांत आपण फारसा भेद करीत नाही. जत्रेत सर्वांत उंच पाळण्याकडे पाय वळतात, संग्रहालयात सर्वांत प्रसिद्ध वस्तूकडे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बीडची दहा-बारा इतिहासप्रेमी मंडळी मुलाबाळांसह तेरला गेलो, तेव्हा आमचेही तेच झाले. धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांच्या परिचयाचे. समाधीचे दर्शन घेऊन मंडळी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयाकडे वळली आणि जो तो एकच विचारू लागला, "ती हस्तिदंती बाई कुठे आहे?"

बाईची कीर्ती खोटी नाही. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की दोघी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खासच! तिचा अभिमान वाटावा हे साहजिक आहे. पण अभिमान म्हणजे समज नव्हे.

या संग्रहाचा खरा जीव इतर वस्तूंत आहे. दुहेरी साच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाचे दागिने, दिवे आणि खापरे. हा इतिहास तलवारीचा नव्हे, हातांचा आहे; कुंभाराच्या, मणेऱ्याच्या, दंतकाम करणाऱ्याच्या हातांचा. तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. इथले साधे कापड नि तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदराला जाई. नकाशावर पैठण ते तेर अशी सरळ रेघ ओढून पाहा. ती आपल्या बीड जिल्ह्यावरून जाते. म्हणजे आम्ही पाहुणे म्हणून आलो खरे, पण नाते त्या वाटेवरच्या शेजाऱ्याचे होते!

आता थोडी टीका. लामतुरे हे तेरचेच रहिवासी. गावाच्या पांढरीत उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जपल्या. ते नसते, तर यांतल्या कितीतरी वस्तू खताच्या मातीबरोबर शेतात गेल्या असत्या. हे ऋण मोठे आहे. तरीही जमिनीवर वेचलेल्या वस्तूला एक उणीव चिकटतेच : ती कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे ती सांगू शकत नाही. १९५८ मध्ये चापेकरांनी तेरला शास्त्रीय उत्खनन केले, ते या प्रश्नांच्या उत्तरांसाठीच. उत्खननातले मोडके खापर म्हणूनच कधी कधी वेचलेल्या अखंड मूर्तीपेक्षा अधिक बोलते. लामतुरे यांच्या संग्रहाला निदान गावाचे नाव तरी आहे. बाजारातून फिरून आलेल्या मूर्तीला तेवढेही नसते. प्रेम आणि पद्धत यांपैकी एकच मिळणार असेल, तर मी आधी प्रेम मागेन. पण तेवढ्यावर समाधान मानणार नाही.

परतताना आमच्यातल्या एका मुलाने नदीकाठी उचललेले खापर पुढे केले. "आबा, घरी नेऊ?"

आबांनी ते उलटसुलट करून पाहिले. "कुठं सापडलं ते दाखव," म्हणाले, "आणि तिथंच ठेव." पोर हिरमुसले. मंडळींतल्या दोघा-तिघांना आबा फारच कडक वाटले. एवढ्याशा खापराचे काय, असे कोणी पुटपुटलेही.

मी मात्र गप्प राहिलो. माझ्या कपाटात शंखाचा एक मणी आहे. शाळेत असताना अशाच एका सहलीत तो मी उचलला होता. मणी फार सुबक आहे. पाहुण्यांना मी तो हौसेने दाखवतो आणि प्रत्येक जण विचारतो, "कुठला हो हा?"

ते मात्र मला आठवत नाही.